आंबलेला पाय

सगळं सलग असं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही—ती गेली तेव्हा उशाशी बसून होतो, तेव्हाही जीभ उचलली नाही. मुलाला नाही. पलटणीत वर्षानुवर्षं एका तंबूत झोपलो त्या सोबत्यांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आता थांबून चालायचं नाही.

गोष्ट एका शब्दाची आहे.

आमच्याकडं ताक आंबतं, पीठ आंबतं, तसं अंगही आंबतं. दिवसभर ऊस तोडला, की दुसऱ्या दिवशी दंड आंबतात. डोंगर चढून आलं, की पोटऱ्या आंबतात. त्यावर औषध एकच—पुन्हा त्याच कामाला लागायचं. काम केलं की उतरतं. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून हा शब्द फार विश्वासाचा. कुणी म्हटलं, 'काय न्हाई, आंबलाय,' की ऐकणारा निर्धास्त होतो.

मी हा शब्द एकदा खोटा वापरला. दस्तगीरच्या पायावर.

पण आधी माझ्या पायाचं सांगतो. गेल्या वर्षी मुलाकडं सांगलीला गेलो होतो. एका संध्याकाळी मोपेडवरून येताना रस्त्यात ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकाखाली आला. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. मी सत्तरी ओलांडलेली. पण त्या दिवसापर्यंत रोज सकाळी पळणारा माणूस. डॉक्टर म्हणाले, "चाला, तेवढं पुष्कळ झालं. पळायचं कशाला आता?" मी मनात म्हटलं, कशाला ते माझं मी बघतो.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. मग टाच गादीवरून सरकवत पाय जवळ घ्यायचा. ऐकायला पोरखेळ—पण कपाळाला घाम फुटायचा. एकदा मी कण्हलो, तर ती म्हणाली, "आजोबा, नक्की कुठं दुखतंय? एका बोटानं दाखवा."

एका बोटानं.

मी आख्खा पंजा मांडीवर फिरवला. ती हसली. "मग घाबरू नका. स्नायू आंबलेत नुसते. करत राहा."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं, दुखण्यानं. मी तसंच वाटू दिलं. खोटं बोलायला तोंडच लागतं असं कुठं आहे?

आता मागं जातो. पन्नासएक वर्षं.

औंधच्या अलीकडं आमचं गाव. घराआड एक माणूस मिलिटरीत. मी आणि दस्तगीर एका वर्गातले, एकाच ध्यासाचे—भरती. दस्तगीर गावच्या शिंप्याचा मुलगा. आमच्या गावात शिंपी मुसलमान, त्यांचं दुकान वेशीजवळ. आम्ही दोघं पहाटे उठून यमाईच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळायचो आणि तिथून वर. तो पुढं, मी मागं. कायम. पळायचं म्हटलं की मला आजही पहिल्यांदा काय दिसतं सांगू? दस्तगीरच्या टाचा. भेगा पडलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या, हलक्या पडणाऱ्या टाचा. तो थांबून हाका मारायचा, "ये रं शाम्या, का न्यायला पालखी धाडू?" चेष्टाच ती. मीही हसायचो. पण त्या टाचा मला झोपेतही पुढं दिसायच्या.

भरतीच्या आदल्या वर्षी माझी नडगी दुखायला लागली होती. माझे चुलते सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवरून बोट दाबत आणलं. एका जागी मी ओरडलो. ते म्हणाले, "ध्यानात ठेव. पंज्याखाली दुखलं तर आंबलंय, पळालास की उतरंल. एका बोटाखाली दुखलं तर हाड हाय. हाडाला पळवायचं नसतंय." त्यांनी मला फलटणला मावशीकडं धाडलं. सगळा सुगीचा हंगाम मी तिथं बसून काढला. पाय बरा झाला. परत आलो तो ताजातवाना. गावात सांगितलं होतं, मावशीला मदतीला गेलाय. दस्तगीरलाही तेवढंच माहीत. पळणाऱ्यानं आपलं दुखणं सांगू नये, असं तेव्हा मला वाटायचं.

भरती आठवड्यावर आली होती. डोंगर उतरून आम्ही पायथ्याला बसलो. दस्तगीरनं नडगी चोळत पाय माझ्या मांडीवर टाकला. "बग की रं. तुमच्या घरात सुभेदार हाय, तुला कळतंय."

मी बोट दाबत आणलं. चुलत्यांनी आणलं होतं तसंच. मधे एका जागी तो कळवळला, पाय आखडला.

मी पाय पुन्हा ओढून घेतला. पुन्हा तिथंच दाबलं. तो पुन्हा कळवळला.

"आंबलाय," मी म्हणालो. "पळालास की उतरंल."

झालं. एवढंच. तुम्ही म्हणाल, पोरवय होतं. जागा एकच होती का? नाही. भरतीत जागा दोघांना पुरून उरल्या असत्या. आमचं कधी भांडण? नाही. त्याच्या आईच्या हातची ईदची खीर खाऊन मी वाढलो. मग का? मला एकदा—एकदाच—समोर त्या टाचा नसलेलं मैदान बघायचं होतं.

बघितलं. सातारला. पहिल्या फेरीत तो पुढं होता. दुसऱ्या फेरीत माझ्या जवळ आला. म्हणजे मी त्याच्या जवळ गेलो नव्हतो, तो मागं आला. मग तो मैदानावर आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर खाली बसला, नडगी दोन्ही हातांत धरून. मी त्याच्या बाजूनं गेलो. पळताना थांबता येत नव्हतं, हे खरं. पण मान वळवायला काय झालं होतं? मी वळवली नाही. समोर मोकळं मैदान होतं, आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढंही उच्चारलेलं नाही. मला बरं वाटलं.

मी भरती झालो. तो एसटीनं घरी आला. आता गावाला काय माहीत? पाय आंबला म्हणून पोरगं मैदानात बसलं, एवढंच. आंबलेल्या पायानं कुणी बसतं का? पारावर कुणीतरी त्याला नाव पाडलं—आंबट. आंबट दस्तू. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढच्या पोरांनी त्याचं आंबटमामा केलं. त्यांना तर अर्थही ठाऊक नव्हता.

त्या नावावर इलाज म्हणून त्यानं काय केलं असेल? तो पळाला. पुढच्या भरतीसाठी, कुणी बघायच्या आत, रोज. मीच सांगितलं होतं ना, पळालास की उतरंल? एक दिवस ओढा ओलांडताना हाड काडीसारखं मोडलं. गावठी वैद्यानं कळकाच्या कांब्या बांधल्या. हाड वाकडं जुळलं, पाय आखूड झाला.

मी पहिल्या रजेवर आलो तेव्हा तो लंगडत वेशीपर्यंत आला होता. म्हणाला, "तू सांगितल्यालं समदं केलं गड्या. माजंच हाड कच्चं."

तेव्हा बोलता आलं असतं. मी त्याला मिलिटरीचा स्वेटर दिला. त्यानं तो विरेपर्यंत वापरला. त्याच रजेत पारावर कुणीतरी 'आंबट' म्हणून हसलं, आणि मीही हसलो.

पेन्शनवर आल्यावर मी गावातल्या पोरांना भरतीसाठी पळायला शिकवू लागलो. त्यांच्या चड्ड्या दस्तगीर शिवायचा. प्रत्येक पोराला मी बोटाचा नियम सांगितला. कुणाचं हाड मोडू दिलं नाही. गाव मला उस्ताद म्हणतं. पण दस्तगीर जवळपास असला, की मी तो नियम सांगत नसे. पोरांना ओढ्यापलीकडं नेऊन सांगायचो. इतका सावध होतो मी.

गेल्या वर्षी वॉकर घेऊन गावी परतलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर दारात. "ऊठ रं शाम्या. बायकांवानी पडून ऱ्हायलास व्हय?" माझ्या देखभालीला सांगलीहून सोबत आलेली सून चहा ठेवत होती, तिला म्हणाला, "सूनबाई, ह्येला मी नेतो. दोगांत मिळून तीन पाय धड हायती, पडत न्हाई आमी."

तो रोज यायचा. आखूड पायावर डुलत माझ्या बाजूनं चालायचा. वॉकर सुटला, काठी आली. काठी सुटली. चढावर मी थांबलो, की तो म्हणायचा, "आंबला व्हय? चल गड्या. चाललास की उतरंल."

माझेच शब्द. तो मला औषध म्हणून देत होता. सांगा, असलं औषध कसं गिळायचं?

मी ठरवलं, सांगायचं. पण स्वतःच्या पायांवर उभा राहून, कुबडी नाही, आधार नाही. ओढ्याच्या पुलापर्यंत पळत जाईन त्या दिवशी. मी व्यायाम वाढवला. दाराच्या चौकटीला धरून उठाबशा, पायरीवर चढ-उतार, एका पायावर उभं राहणं. सांगलीला जाऊन पुन्हा एक्स-रे काढला. हाड नीट भरून आलं होतं. डॉक्टर मान हलवत म्हणाले, "पळा बाबा, पण हळू." घरच्यांना माझी जिद्द दिसत होती. मला मात्र हळूहळू कळत होतं, की ही अट म्हणजेसुद्धा एक पळवाटच होती. पळता येईपर्यंत बोलायचं नाही—किती सोयीचं!

म्हणून घाई केली. एका सकाळी दस्तगीरला म्हटलं, तू पुढं जाऊन पुलाच्या कठड्यावर बस. आणि पळालो. वाटेत दोनदा वाटलं, आज नको. पाय थांबू दिले नाहीत. त्याला कसलं पळणं म्हणायचं, पण दोन्ही पाय जमिनीवरून सुटत होते. त्यानं लांबूनच टाळ्या पिटल्या. "पळालं रं म्हातारं! करा भरती!"

मला दम लागला होता. वाटलं, दम जाऊ दे, मग सांगू. आणि कळलं, दमाबरोबर धीरही जाईल. तसाच धापा टाकत, उभ्यानं सांगितलं. चुलत्यांचं बोट, फलटण, त्याची नडगी.

तो पाण्याकडं बघत ऐकत होता. मग म्हणाला, "दाबल्यावर तुला कळलं व्हतं?"

"व्हय."

"पयल्यांदा का दुसऱ्यांदा?"

त्याला आठवत होतं. मी दोनदा दाबलं, हे त्याला इतकी वर्षं आठवत होतं.

"पहिल्यांदाच."

"मंग दुसऱ्यांदा कशाला दाबलास?"

 

 शेवटी तोच म्हणाला, "मी मलाच शिव्या दिल्या रं शाम्या. लोकांनी दिल्या त्येचं काय न्हाई. मी मलाच कच्चा म्हणत आलो." उठला आणि चालायला लागला. मी मागून निघालो नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. मी एकटा निघतो. पुलापर्यंत जातो, परत येतो. पाय सुधारतोय. थांबायचं कारण नाही.

महिनाभरानं भरतीच्या पोरांबरोबर त्याच्या दुकानात जावं लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दुकानात चार माणसं होती. एक पोरगा आत डोकावून म्हणाला, "ओ आंबटमामा, चड्ड्या झाल्या का?"

दस्तगीरनं मशीन थांबवली. चष्मा कपाळावर चढवला. "पाय मोडल्याला हुता माजा," तो म्हणाला. "आंबल्याला न्हवता. इचार त्यास्नी."

आणि हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी उभा राहिलो. "खरं आहे," म्हणालो. "हाडच होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं सांगितलं."

 मशीन पुन्हा सुरू झाली. त्या दिवसापासून गावात ते नाव कुणी घेत नाही.

दस्तगीर वाटेत भेटतो. तोंड चुकवत नाही, तो तसला माणूसच नाही. पण बालपणापासून ज्यानं मला शाम्या म्हटलं, तो आता म्हणतो, "आवं शामराव, बरं हाय न्हवं?"

मी म्हणतो, "बरं आहे."