चार कोरड्या सऱ्या

पुण्यातल्या एका कलादालनाच्या बाईंनी माझं दुःख तीन वेळा परत पाठवलं.

मी जळगाव जामोदला एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढतो. बाई माणसाच्या भावनांवर एक प्रदर्शन भरवणार होत्या आणि त्यांनी प्रत्येक चित्रकाराला एकेक भावना वाटून दिली होती. नाशिकच्या एकाला आनंद मिळाला, कोल्हापूरच्या एकीला मत्सर. माझा पत्ता बुलडाणा जिल्ह्याचा, म्हणून मला न विचारता दुःख. पहिलं चित्र मी आरशासमोर बसून काढलं, तर बाई फोनवर म्हणाल्या, "दाढ दुखतेय असं वाटतं." दुसऱ्यासाठी शाळेच्या शिपायाला खुर्चीवर बसवून दुःखी व्हायला सांगितलं. तो पाच मिनिटांत झोपला आणि बाईंना ते चित्र फार प्रसन्न वाटलं. तिसऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, "आतून येत नाहीये." मला संताप आला. दहा दिवस मी दुःख आतून यायची वाट पाहिली, तर आतून फक्त ॲसिडिटी आली.

शेवटी मला काकू आठवली.

काका-काकूंनीच मला लहानाचं मोठं केलं. त्यांचं गाव वडनेर भोलजीच्या जवळ आहे आणि मी दर रविवारी एसटीनं तिथं जातो. आसपासच्या चार गावांत काकूसारखं कोणाला रडता येत नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसापाशी बसून बायका सूर धरून रडतात, त्याच्याशी बोलत बोलत, मनातलं सगळं त्याला सांगत. काकू दारात आली की आधी रडत बसलेल्या बायका सरकून तिला उशाशी जागा देतात. एका मयतीला तर लोक पाऊण तास नुसते उभे राहिले होते, कारण काकूची एसटी यायची होती.

हे रडणं नऊ वर्षांपूर्वी सुरू झालं आणि काकांशी न बोलणंही तेव्हापासूनच. त्या सकाळी मोताळ्याकडून, तिच्या माहेराहून, फोन आला की माय गेली. काका शेतात हरभऱ्याला पाणी देत होते आणि मोटारीची थ्री फेज लाइन दुपारपर्यंतच होती. काकू पिशवी घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली. काका म्हणाले, "थांब, चार सऱ्या राह्यल्या." त्या चार सऱ्या भिजेपर्यंत एसटी गेली. पुढची मिळून ते पोचले तेव्हा मायला नेलं होतं आणि अंगण धुऊन काढलेलं होतं. भावांनी काकूच्या हातात मायचं एक लुगडं दिलं. घरी येऊन तिनं ते पेटीत ठेवलं, शेतात जाणं सोडलं आणि काकांशी बोलणंही.

सोडलं म्हणजे कायमचं सोडलं. रविवारी मी दोघांच्या मध्ये बसायचो. काकू म्हणायची, "तुह्या काकाले सांग, भाकर वाढली." काका तिच्यापासून दोन हातांवर बसलेले. मी सांगायचो, "काका, भाकर वाढली." ते म्हणायचे, "तिले सांग, ठेचा दे थोडा." बाकीचे सहा दिवस हे काम म्हैस करायची. काकू म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "दळण आणा लागते वो बाई," आणि काका गुपचूप पिशवी उचलायचे.

समेटाचे सगळे प्रयत्न मी करून चुकलो होतो. काकांना म्हणायचो, एकदा चुकलं म्हणून टाका. ते म्हणायचे, "तिले आयकाचंच नाई, तं कोणाले म्हणू?" काकूला म्हणायचो, जाऊ दे आता. ती म्हणायची, "त्यायनं म्हटलं काय कधी?" दोघंही साठी ओलांडलेले. एक जण असाच न बोलता जाईल आणि दुसरं घरात एकटं उरेल, ही भीती मला दर रविवारी परतीच्या एसटीत बसताना वाटायची. आणि मला फार वाईट वाटायचं.

त्या शेताचं मी मागच्या वर्षी एक चित्र काढलं होतं. काका स्वतः मागे लागले होते, "आपल्या वावराचं चित्र काढ, घरात लावू." एरवी त्यांना चित्रातलं काडीचं कौतुक नाही. शेत हिरवंगार होतं, पण कडेच्या चार सऱ्यांमधला हरभरा खुरटलेला आणि पिवळा. दरवर्षी तो तसाच असायचा. कोणी विचारलं तर काका म्हणायचे पाणी पुरत नाही. माझ्या डोळ्यांना तो पट्टा खटकत होता, म्हणून मी चित्रात तिथं हिरवा रंग भरून टाकला. काकांनी चित्र बराच वेळ हातात धरलं.

"हे काऊन हिरवं केलं बे?"

"चांगलं दिसते म्हून."

त्यांनी चित्राचं तोंड भिंतीकडे करून ते टेकवून ठेवलं. मी मनात म्हटलं, यांना कलेतलं काय कळतंय.

तर त्या रविवारी मी पॅड आणि कोळशाची कांडी काढून काकूला म्हणालो, "काकू, मले तुह्यं रडणं काढाचं हाय."

"कोण मेलं?" तिनं लगेच पदर सावरला.

"कोणी नाई. नुसतं रड."

"येडा झाला काय रे? समोर कोणी पडेल असल्याबिगर रडू येते काय?"

मी गादीची वळकटी आणून चटईवर आडवी ठेवली. काकू तिच्यापाशी बसली, वळकटीवर हात ठेवला, सूर लावला आणि खो खो हसायला लागली. "या गादीले काय सांगू रे मी?"

काका ओसरीवर पेपर वाचत होते, म्हणजे अर्ध्या तासापासून एकच पान तोंडासमोर धरून बसले होते. ते उठले, आत आले, पायानं वळकटी बाजूला सारली, चटईवर उताणे झाले आणि पायांचे अंगठे जुळवून म्हणाले, "तिले सांग, मी मेलो म्हून."

काकूचं हसणं थांबलं. "त्यायले सांग, वंगाळ बोलू नका. मी कुंकवाची बाई हाय. मी त्यायच्यासाठी नाई रडणार."

"मंग ज्याच्यासाठी रडाचं त्याच्यासाठी रड म्हणा. मी नुसता पडतो."

काकू उठली. मग आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण वाजलं आणि ती मायचं लुगडं घेऊन बाहेर आली. तिनं ते दुहेरी करून काकांवर गळ्यापर्यंत पांघरलं आणि मागे सरून पाहिलं. "त्यायले सांग, मिशा दिसून राह्यल्या," असं म्हणून तिनं लुगडं डोक्यावरून ओढून घेतलं. त्यामुळे पाय उघडे पडले. ज्या माणसापायी तिला आईचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, तोच आता तिची आई होऊन चटईवर निजला होता. मला हे विचित्र वाटायला हवं होतं, पण मी पायांकडच्या बाजूला बसून उजेड कुठून येतोय ते बघत होतो.

काकू रडली. आधी हळू, मग सूर धरून, आणि मग तो सूर पत्र्यावरून थेट गावात गेला.

"माय वो, तू दाराकडं पाहत असशीन वो... मी पिशवी भरून बांधावर उभी होती वो माय... तुह्या जावयाच्या चार सऱ्या राह्यल्या होत्या वो..."

पहिली शेजारीण धावत आली. तिनं लुगड्याखालचे पाय पाहिले, ओळखले आणि काकूच्या गळ्यात पडून दुसरा सूर लावला. मग आणखी बायका. मग गल्लीतला एक म्हातारा आणि त्याच्यामागून चार-पाच माणसं. मी उठून म्हणालो, "अहो, काका जिवंत हायेत."

म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुरुवातीले तसंच वाटते बापू."

"सकाळीच तं पानठेल्यावर दिसले होते," मागून एक जण म्हणाला.

"अन् लुगडं काऊन पांघरलं?"

"शेवटची इच्छा असंन."

एक जण मोटरसायकल काढून वडनेरला सामान आणायला गेलासुद्धा. माझ्या हातातला कागद बघून लोकांना वाटलं की मी कळवायच्या नातेवाइकांची यादी करतोय. एक जण वाकून सांगायला लागला, "मलकापूरची बहीण लिह्य. अन् शेगावचा साडू राहिला."

मी काकांच्या पायाला चिमटा काढला. ते हलले नाहीत. आणखी जोरात काढला. अंगठा आखडला, पण उठायचं लक्षण नव्हतं. तेव्हा मला कळलं की ते ऐकत आहेत. नऊ वर्षांत काकूचं बोलणं पहिल्यांदाच मधल्या माणसाशिवाय त्यांच्या कानावर पडत होतं. मी चिमटा सोडला आणि बसून चित्र काढायला लागलो. दुसरं काही सुचलं नाही.

"तुह्यं तोंड नाई पाह्यलं वो माय मी... अंगण धुऊन टाकलं होतं वो... ज्याच्या त्याच्या मयतीले जाऊन तुलेच रडतो वो मी... अन् यायनं एका शब्दानं नाई म्हटलं वो, का चुकलं म्हून..."

"चुकलं माह्यं," लुगडं म्हणालं.

एका क्षणात घर रिकामं झालं. बायका दारातून, माणसं ओसरीवरून, एक जण तर न्हाणीच्या खिडकीतून गेला. म्हातारा पळू शकत नसल्यामुळे जागीच बसला आणि देवाचं नाव घ्यायला लागला. काकू मात्र हलली नाही. तिचा हात काकांच्या छातीवर होता, तो तिथंच राहिला.

काका लुगड्याखालूनच बोलत होते. "त्या चार सऱ्या सोडून निंघाले पाह्यजे होतं मी. त्या सालापासून त्याईले पाणीच देलं नाई. नऊ वर्सं कोरड्या ठेवल्या. तुले दिसंन म्हून. पण तू वावरात येतच नाई." मग म्हणाले, "म्हून याले चित्र काढाले लावलं. तं यानं हिरवा रंग देला."

नऊ वर्षांत तिला ते दिसायची एकच वेळ आली होती, आणि कला शिकवणाऱ्या माणसानं, चांगलं दिसतं म्हणून, ती पुसून टाकली होती. मला इतकी शरम वाटली की मी पॅडमध्ये तोंड घातलं.

काकूनं लुगडं वर केलं. काकांच्या मिशा ओल्या होत्या. तिनं त्या लुगड्याच्या पदरानंच पुसल्या.

वडनेरला गेलेला माणूस बांबू, मडकं आणि सगळं सामान घेऊन आला, तेव्हा काका ओसरीवर पाणी पीत होते. त्याला काकांपेक्षा सामानाचीच चिंता जास्त लागली. असलं सामान दुकानदार परत घेत नाही आणि जिवंत माणसाच्या घरात ते ठेवतही नाहीत. म्हाताऱ्यानं बराच विचार करून निकाल दिला की बांबूला कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, त्यावर दोडक्याचा वेल चढवा. मलकापूरच्या बहिणीला कोणीतरी फोन केलाच होता. ती संध्याकाळी रडत आली आणि काकांना बघून त्यांच्यावर इतकी भडकली की जेवायलाही थांबली नाही.

माझ्या कागदावर एवढंच उतरलं होतं: लुगड्याखालून बाहेर आलेले दोन भेगाळलेले पाय आणि लुगडं मुठीत धरलेला बाईचा हात. तोंड कोणाचंच नाही. पुढे पुण्याच्या बाईंनी ते लावलं, पण ते दुःखात मोडतं की कशात हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून खालच्या पाटीवर भावनेची जागा कोरी ठेवली. पण ते नंतरचं.

त्या दुपारी, बहीण यायच्या आधी, काकूनं तोंड धुतलं, चपला घातल्या आणि कोणाला काही न सांगता शेताची वाट धरली. काका तिच्या मागे, मी काकांच्या मागे. नऊ वर्षांपूर्वी उभी होती तिथंच, बांधावर, ती जाऊन उभी राहिली. सगळा हरभरा हिरवा होता आणि कडेच्या चार सऱ्या पिवळ्या. ती किती तरी वेळ बघत राहिली.

मग मान न वळवता म्हणाली, "अहो, लाइन हाय अजून. पाणी सोडा त्याईले."

मी सवयीनं मागे वळलो. "काका, काकू म्हणते का..."

"आयकू आलं बे मले," काका म्हणाले आणि मोटार सुरू करायला गेले.