अण्णांचा तुरा: एका दुपारचं काम

शनिवार, १९ ऑक्टोबर. लुडविग्सहाफेन स्टेशन, जर्मनी, सकाळी नऊ. हजर: मी, माझा धाकटा भाऊ संजय, त्याची बायको स्मिता. सामान: पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री, थालीपिठं, आणि बुटांच्या खोक्यात अण्णांचा तुरा.

अण्णा म्हणजे आमचे वडील. लष्करात पाइप बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. हे वाद्य आणि त्याचा पोशाख मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला. साहेब गेला, पण आमच्या पलटणींत पाइप राहिले आणि टोपीवरचा पिसांचा तुराही राहिला. अण्णांचा तुरा गडद हिरवा होता. निवृत्तीनंतर साताऱ्यात दर पंधरा ऑगस्टला तो टोपीला खोचून ते शाळेच्या झेंडावंदनाला जात.

सहा वर्षांपूर्वी त्याची तार सैल झाली, पिसं गळायला लागली. संजय तेव्हा जर्मनीहून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, “आमच्याकडे एक बाई आहेत, जर्मन पाइप बँडवाल्यांचं हेच काम करतात. मी नेतो.” अण्णांनी तुरा खाकी रुमालात गुंडाळून त्याच्या हाती दिला. मी डायरीत लिहिलं, ‘तुरा दुरुस्ती: संजयकडे दिला’ आणि पुढे बरोबरची खूण केली.

त्यानंतर दर रविवारी फोनवर अण्णा विचारायचे, “तुरा झाला का रे?” आणि संजय म्हणायचा, “होतंय, अण्णा. बाई फार बिझी आहेत, नंबर लागलाय.” गेल्या डिसेंबरात अण्णा गेले. टोपी घालूनच त्यांना नेलं, पण नुसती टोपी; चितेवर ठेवण्याआधी ती काढून घेतली. येत्या डिसेंबरात वर्षश्राद्ध आहे. फोटोपुढे टोपी ठेवायची आणि टोपीवर तुरा हवा, एवढं एकच आईचं मागणं आहे. म्हणून मी जर्मनीला आले. किल्ले बघायला नाही.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुरा मागितला. “केलरमध्ये असेल,” संजय म्हणाला. केलर (तळघर) म्हणजे इथल्या प्रत्येक बिऱ्हाडाची खाली एक जाळीची खोली. स्कीइंगच्या बुटांमागे हे खोकं निघालं. रुमाल तसाच होता, गाठही अण्णांचीच. आत तार, काही काड्या आणि तपकिरी भुगा. कसर लागली होती. मी तिथंच उभं राहून संजयला त्या बाईंना फोन करायला लावला. शनिवारची वेळ मिळाली.

हायडेलबर्गपर्यंत गाडी होती. पुढची ‘फेल्ट आउस’ (रद्द) झाली. फलाटावरच्या लोकांनी एकसाथ सुस्कारा टाकला आणि सगळे शिस्तीत बस शोधायला निघाले. या देशात गाड्या वेळेवर धावतात असं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. तेही संजयकडूनच.

बस नेकार नदीच्या काठाने गेली आणि मग ओडनवाल्डच्या डोंगरात शिरली. बीचची झाडं तांबूस झाली होती, खाली ओली पानं, मध्येच लाल दगडाची घरं. सुंदर होतं, हे नोंदवते. वाटेत एका गावात बस बदलायला चाळीस मिनिटं होती, तेव्हा एका दुकानात ‘झ्वीबेलकूखन’ (कांद्याचा जाडसर, खारा केक) खाल्ला. सोबत ताज्या द्राक्षांची, अजून फसफसणारी वाइन देत होते. स्मिताने एक पेला घेतला.

“ताई, घ्या ना घोटभर. गोड असते.”

“मला आज डोकं ठिकाणावर हवंय,” मी म्हणाले. संजय खोक्याकडे बघत केक खात होता.

फ्राऊ क्रेमर सत्तरीच्या असतील. उंच, सडपातळ, लोकरी जाकिटाच्या बाह्यांवर बारीक पिसं चिकटलेली. घरामागच्या गोठ्यात त्यांचा कारखाना आहे. मी खोकं घेऊन उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच त्या ओरडल्या, “हाल्ट!”

खोकं आत न्यायचं नाही. अंगणातल्या बाकावर त्यांनी ते उघडलं, भिंगातून बघितलं, फुंकर मारली. मग दोन पिशव्यांत घट्ट बांधून गॅरेजमधल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. दोन आठवडे तिथंच. बाहेरून आलेलं प्रत्येक पीस आधी गोठवायचं, मगच त्याला हात लावायचा. “एक पतंग आत गेला तर माझं वर्षभराचं काम खाऊन टाकेल,” त्या म्हणाल्या. स्मिता भाषांतर करत होती.

खोकं असं बंदोबस्तात गेल्यावर आम्हाला आत घेतलं. भिंतीवर पाट टांगलेले आणि पाटांवर टाचण्यांनी ताणून लावलेली पक्ष्यांची कातडी, पिसांसकट. टेबलावर एक फेजंट (लांब शेपटीचा रानकोंबडा) मोजा उलटावा तसा उलटा केलेला होता. बोथट सुरीने चरबी खरवडायची, भांड्याच्या साबणाने धुवायचं, केस वाळवायच्या यंत्राने पीस न् पीस फुलेपर्यंत वाळवायचं आणि आतून टाकणखार चोळायचा. स्कॉटिश पोशाखात कमरेपुढे एक पिशवी लोंबते, ती या कातड्याची होते. झाकणावर पक्ष्याचं डोकंच असतं, काचेच्या डोळ्यांसकट. पक्षी शिकाऱ्याकडून येतात. रस्त्यात मेलेला दिसला तरी उचलायचा नाही, तोही त्या भागातल्या शिकाऱ्याचाच.

“वास येत नाही?” मी विचारलं.

“घाई केली तरच येतो.”

बाई मला आवडल्या. तुऱ्यांची पिसं कोंबड्याच्या मानेची, लांबीप्रमाणे वेगवेगळ्या बरण्यांत लावलेली होती. खालून वर एकेक फेर तारेला बांधत जायचं, दर फेरीला दोरा ओढून गाठ. रंग कुठला द्यायचा, हे त्यांना तारेच्या गुंडाळीखाली दडलेल्या, न विटलेल्या पिसावरून कळणार होतं. जुनी पाच-सहा पिसं वाचतील, बाकी नवी.

मग मी माझ्या यादीतला प्रश्न विचारला. “स्मिता, त्यांना विचार, सहा वर्षं नंबर का लागला नाही? एवढं काम असतं का यांच्याकडे?”

स्मिताने संजयकडे बघितलं. संजयने फेजंटकडे.

“विचार,” मी म्हणाले.

तिने विचारलं. फ्राऊ क्रेमरच्या भुवया वर गेल्या. “वेल्खे लिस्टं?” (कसली यादी?) त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. संजयचा पहिला फोन आला होता याच आठवड्यात, बुधवारी. सहा वर्षांपूर्वीच आणला असता तर किती वेळ लागला असता, हे त्यांनी न विचारता सांगितलं, “आइन नाखमिटाग.”

“एक दुपार,” स्मिता अगदी हळू म्हणाली.

“ताई, इथं नको,” संजय म्हणाला.

“मग कुठं? केलरमध्ये?”

फ्राऊ क्रेमर कॉफी करायला उठून गेल्या. भाषा येत नसली तरी एवढं कुणालाही कळतं.

निघताना मी विनंती केली, की तुरा झाला की थेट साताऱ्याला पोस्टाने पाठवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पिसांचा माल देशाबाहेर त्या धाडत नाहीत, कागदपत्रं फार. दोन नोव्हेंबरला कुणीतरी यायचं, समोर बसून रंग पसंत करायचा, मग त्या बांधून हातात देणार. माझं विमान पंचवीस ऑक्टोबरचं. स्मिता पूर्ण नोव्हेंबर तिच्या आईकडे नागपूरला.

“मी आणतो ना, ताई. डिसेंबरात येतोच आहे,” संजय म्हणाला.

परतीच्या बसमध्ये स्मिता मुद्दाम पुढे जाऊन बसली. मग संजय म्हणाला, “जवळ होतं म्हणून राहिलं. दोन तासांवर. लांब असतं तर रजा काढून गेलो असतो.”

“आणि दर रविवारी खोटं?”

“एकदा ‘होतंय’ म्हटलं ना, की पुढच्या रविवारी दुसरं काय म्हणणार? अण्णा खूश व्हायचे, ताई. म्हणायचे, बाईंना घाई करू नकोस.”

“त्यांनी तुझ्यावर कधी शंका घेतली नाही.”

“तूही नाही घेतलीस. सहा वर्षांत एकदा तरी विचारलंस? तू तर खूण करून टाकली होतीस.”

त्याने ही डायरी कधी बघितली होती कोण जाणे. थालीपिठं तशीच परत आली.

आज नऊ नोव्हेंबर. दिवाळी झाली. साताऱ्यात पोचल्यापासून यादीतली कामं उरकली: बॅगा रिकाम्या केल्या, भेटी वाटल्या, वर्षश्राद्धाचं गुरुजींना सांगितलं. दोन तारखेला मी संजयला तीन फोन केले. संध्याकाळी मेसेज आला, की ऑफिसचं काम निघालं, पुढच्या शनिवारी नक्की. पुढचा शनिवार म्हणजे आज. अजून फोन लागलेला नाही.

दुपारी आईने अण्णांची टोपी ब्रशने साफ केली, वाफेवर धरली आणि पातेल्यावर पालथी घालून आकाराला बसवली. तुरा खोचायच्या जागेवरून बोट फिरवत तिने विचारलं, “झाला का गं तो तुरा?”

फ्रीजरमध्ये पिशवीत काय आहे, सहा वर्षं ते कुठं होतं, हे सगळं जिभेवर होतं.

“होतंय,” मी म्हणाले.

ती समाधानाने टोपी कपाटात ठेवायला गेली. मी डायरी काढली, नवीन ओळीवर लिहिलं, ‘आईला खरं सांगणे’. पुढची जागा रिकामी आहे.