आखणी झालेली मूर्ती

माझा स्वभाव तापट आहे. बायको म्हणते, आग विझवायला निघता तेव्हा आधी तुम्हीच पेटलेले असता. खरं तर आमचं पथक आगीचं नाहीच. शहराच्या अग्निशमन दलात आम्ही काही जण फक्त अडकलेली माणसं काढण्यासाठी आहोत. पडलेल्या इमारतीखालून, लिफ्टच्या खड्ड्यातून, कुठूनही.

त्या दुपारी मी रजेवर होतो, रोह्याजवळ वरसे गावी, माझ्या घरी. पथकाच्या साहेबांचा फोन आला. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात मूर्तींनी भरलेली लोखंडी मांडणी कोसळली होती आणि एक बाई खाली अडकली होती. गाडी शहरातून निघाली होती, पण हायवेवर तुंबली होती. "तू जवळ आहेस, पुढे हो," साहेब म्हणाले. पुढे व्हायला माझ्याकडे मोटरसायकल होती आणि दोन हात. वडखळच्या नाक्यावर ट्रेलरच्या रांगेला तोंडभर शिव्या देत मी वाट काढली.

कारखान्याच्या दारात माणसांची रांग लागली होती. आतून एकेक मूर्ती हातोहात बाहेर येत होती. तान्हं मूल घ्यावं तशी प्रत्येक जण ती घेत होता, आणि अंगणात अंथरलेल्या चादरीवर अलगद ठेवत होता. चपला सगळ्यांनी बाहेर काढल्या होत्या. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. बघताना बरं वाटावं असं ते काम होतं. मग मी आत डोकावलो.

मांडणी आडवी होऊन समोरच्या भिंतीला टेकली होती. लोक दाराकडच्या मूर्ती काढत होते, कारण त्याच हाताशी होत्या. त्यामुळे दाराकडची बाजू हलकी होत होती आणि सगळा भार भिंतीकडे सरकत होता. भिंतीकडे ती बाई होती. एक मूर्ती सुखरूप बाहेर गेली की लोखंड तिच्या अंगावर आणखी थोडं बसत होतं.

"थांबा! हात लावू नका कशाला!" मी असा ओरडलो की सगळे दचकले.

"अहो, देव हायत ते," मालक रडवेला होऊन म्हणाला. "असे कसे टाकायचे?"

"आणि खाली कोण आहे?" मी विचारलं. एवढं तोडून बोलायला नको होतं, पण बोललो. त्यालाही तिचीच काळजी होती. फक्त हातांना ज्याची सवय, तेच त्या हातांनी केलं होतं.

मी पोटावर झोपून आत सरकलो. पन्नाशीची बाई. केसांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी. लोखंडी पट्टी छातीवर आडवी आणि उजवा हात तिच्याखाली कोपरापर्यंत. ती कारखान्यात आखणी करायची, म्हणजे रंगवून झालेल्या मूर्तींचे डोळे काढायची.

"काकी, मी आलोय. श्वास घेता येतो?"

"घेते थोडा थोडा," ती म्हणाली. "पण सोडला का परत घ्यायला जागा नाय उरत."

लोखंड अजून बसत होतं. टेकू द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. मग कोपऱ्यात पाटांचा ढीग दिसला, मूर्तीखाली ठेवायचे लाकडी पाट. "ते आणा, सगळे आणा," म्हटलं. आता तीच रांग उलट्या दिशेने चालू लागली. एकावर एक पाट रचून मी पट्टीखाली ठोकून बसवले. बसणं थांबलं. पण ते उचलणं माझ्या हातात नव्हतं.

मी तिच्याशी बोलत राहिलो. एकदा तिने उत्तर दिलं नाही. मी जोरात हाक मारली. "हाय, हाय," ती पुटपुटली. तिचा मोकळा हात माझ्या मनगटावर होता, आणि पकड सैल होत चालली होती.

गाडी आली. साहेबांनी उशी आत सरकवली. आम्ही उशी म्हणतो, पण ती रबराची चपटी पिशवी असते. हवा भरली की भरलेला ट्रकसुद्धा उचलते. ती ठेवायला पट्टीखाली एकच जागा होती, आणि तिथे एक मूर्ती पट्टी आणि जमिनीच्या मध्ये घट्ट रुतली होती. ओढून पाहिली, फिरवून पाहिली. हलेना. साहेबांनी मागून माझ्या हातात हातोडा दिला.

मूर्ती पूर्ण झालेली होती. शेंदरी पितांबर, सोंडेवर नक्षी, आणि डोळे. ते सरळ माझ्याकडे बघत होते. मागे दारात मालकाने हात जोडले. मला की त्या मूर्तीला, कळलं नाही. प्राणप्रतिष्ठा घरी नेल्यावर होते, तोवर ती माती असते, हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरी माझा हात उठेना. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"मूर्ती आडवी आलीय काकी. आखणी झालेली."

ती श्वास जमवत होती. मग म्हणाली, "डोळं मीच आखलेत त्याचं. मी सांगते, फोड."

मी खिशातला रुमाल मूर्तीच्या तोंडावर टाकला आणि घाव घातला. उशी आत गेली. हवा भरू लागली, पट्टी बोटभर उठली, आम्ही खाली पाट सारला, पुन्हा बोटभर, पुन्हा पाट. मग तिने छाती भरून श्वास घेतला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी घरची मूर्ती आणायला मी त्याच कारखान्यात गेलो. काकी स्टुलावर बसली होती. हाताला मनगटापर्यंत प्लास्टर, बोटं तेवढी मोकळी. "जन्मभर शाडूत काम केलं," ती हसून म्हणाली, "नि शेवटी मलाच पीओपी चढवलं."

माझी मूर्ती तिने पुढे ओढली. सगळी रंगवलेली, डोळ्यांची जागा कोरी. "तुझ्यासाठी ठेवलीय. कोपर धर माझं."

मी खाली बसलो आणि तिचं कोपर तळहातावर पेललं. पहिला डोळा तिने एका दमात काढला. दुसऱ्याची रेघ थोडी खाली गेली आणि तो किंचित बारीक झाला. तिने ब्रश खाली ठेवला.

मालक पुढे आला. "ही राहू द्या साहेब, दुसरी देतो चांगली," म्हणत त्याने पाटाला हात लावला.

"हात लावू नका," मी म्हणालो.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याने हात मागे घेतला.