घोंगडीमागचे हात

युसूफ वडगावच्या शिवारात, बाभळीच्या रांगेपलीकडं म्हाळू मेंढपाळाची वस्ती आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं मेंढरांचा वाडा आणि वाड्याच्या कुडाला टेकवून ठेवलेली लग्नातल्या लायटिंगची कमान. कमान म्हाळूच्या मुलाची, परमेश्वरची. मेंढरांमागं फिरायची त्याला लहानपणापासून गोडी नव्हती. पण हातात पक्कड आणि टेस्टर आला की गडी जेवण विसरायचा. पुढं त्यानं ‘परमेश्वर लायटिंग’ काढलं आणि आसपासच्या गावांतले मांडव उजळायला लागला. या घरात उज्ज्वला सून म्हणून आली, आणि ही हकीकत तिची आहे.

उज्ज्वला परळीची. तिचे वडील राधाकिशन भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि त्यांच्या मांडीशी बसून पोरगी बोटं फिरवायला कधी शिकली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. भजन संपलं की बुवा मोठ्यानं म्हणायचे, ‘पेटीवर राधाकिशनराव!’ मग लोक वळून बघायचे. तेवढ्या एका हाकेसाठी वडील दिवसभराचा शीण विसरतात, हे उज्ज्वलानं लहान वयातच ओळखलं होतं. पण लग्नात मुलीला भांडी देतात, पेटी देत नाहीत. ती भांडी घेऊन वडगावला आली आणि भाकरी थापून झाली की परातीच्या काठावर बोटं नाचवत बसायला लागली.

परमेश्वरनं ते पाहिलं. वडवणीची एक बेंजो पार्टी डीजेपुढं टिकली नाही, मोडीत निघाली. तिच्याकडचे दोन कीबोर्ड तो पिकअपमध्ये टाकून घेऊन आला. एक चालू होता, दुसरा मुका. “मुक्याचे पार्ट कामाला येतील, चालू तुला,” म्हणाला. त्या दिवशी उज्ज्वलाला नवरा देवासारखा वाटला, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

आता पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. त्यामुळं उज्ज्वलाचा उजवा हात पळायचा आणि डावा पाहुण्यासारखा बसून राहायचा. मोबाईलवर पियानो वाजवणाऱ्या परदेशी पोरींचे दोन्ही हात सारखे चालताना बघून ती इरेला पेटली. त्या पोरींचं संगीत काही तिला जमेना. पण गोंधळातला संबळ तिच्या कानात होता, तो तिनं डाव्या हातात उतरवला. उजव्यात देवीची चाल आणि डाव्यात संबळ असं वाजायला लागलं, तेव्हा वाड्यातला कुत्रासुद्धा भुंकायचा थांबून ऐकायचा असं परमेश्वर सांगतो. कुत्र्याचं खरं-खोटं त्याचं त्याला माहीत.

या वाजवण्याला उजेड दिला तो परमेश्वरनं. त्यानं प्लायवूडचा एक उभा बोर्ड केला. कीबोर्डाच्या प्रत्येक कळीसाठी त्यावर वर जाणारी एक एलईडी पट्टी लावली आणि पट्ट्यांवर खताच्या पांढऱ्या गोणीचा पडदा ताणला, म्हणजे दिवा डोळ्यांत टोचत नाही. कीबोर्डाच्या पाठीतून निघालेली वायर काडीपेटीएवढ्या सर्किटात जायची. कळ दाबली की तिची पट्टी पेटायची, सोडली की विझायची. ते जमेपर्यंत त्यानं बरीच सर्किटं जाळली. खोलीत दिवसा अंधार व्हावा म्हणून खिडकीला आणि बोर्डामागं म्हाळूच्या काळ्या घोंगड्या टांगल्या. मेंढरं रानात गेली की मोबाईलवर व्हिडिओचं शूटिंग सुरू व्हायचं, नाहीतर मागून बेंबें करत कोरस उभा.

पहिल्या व्हिडिओत काकणांनी घोळ केला. कळ दाबली की ती किणकिणायची, वर दिव्यांचा उजेड त्यांच्यावर चमकायचा. काकणं काढायची गोष्ट सासूसमोर, साखराबाईसमोर, कोण काढणार? नवरा धडधाकट समोर दिवे लावतोय आणि बायकोचे हात मोकळे! मग उज्ज्वलानं कापूस वेचायला घालते तो परमेश्वरचा जुना फुलबाहीचा शर्ट साडीवर चढवला, काकणं बाहीत कोंबली आणि मनगटावर बटण लावलं. आमच्याकडं रानात निम्म्या बाया नवऱ्याच्या शर्टात असतात. पण मोबाईलवर बघणाऱ्याला रान कुठं दिसतंय? त्याला दिसायचे नुसते दोन हात, पुरुषी शर्टाच्या बाहीतले, उन्हानं रापलेले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं काकणच बाहीत गेलं होतं.

त्यात व्हिडिओ टाकले ते परमेश्वरच्या धंद्यासाठी उघडलेल्या चॅनलवर. झालं! ‘परमेश्वरदादा, एक नंबर!’ ‘दादा, डाव्या हाताला संबळ बांधलाय का?’ ‘भाऊ, बोटं हायेत का मशीन?’ सुरुवातीला उज्ज्वला हे सासूला वाचून दाखवायची आणि पोट धरून हसायची. परमेश्वर प्रत्येकाला ‘धन्यवाद भाऊ’ लिहायचा.

“लिवा की, बायको वाजवती म्हणून,” ती एकदा म्हणाली.

“लिवतो, लिवतो,” तो म्हणाला आणि राहून गेलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा राहून गेलं. माणसाच्या मनात खोट नव्हती. पण फुकटचं कौतुक गोड लागतं, आणि गोड घास तोंडात आल्यावर तो थुंकायला मोठं काळीज लागतं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला काही वाईट असावं लागत नाही, नुसतं आळशी असलं तरी पुरतं. उज्ज्वलाचं हसू मात्र हळूहळू आटलं.

अशात एक दिवस तानाजी मोटारसायकलवर वस्तीला आला. तानाजी म्हणजे विजयसिंह बापूंचा माणूस, आणि बापू म्हणजे या भागातले मोठे बागायतदार आणि पुढारी.

“परमेश्वर, तू तर लई छुपा रुस्तम निघालास बे! बापूंनी सोत्ता तुजा व्हिडिओ बघितला. वाढदिवसाला बाजारतळावर ष्टेज हाय. तिथं वाजवायचं, आन् बापूंच्या हातानं तुजा सत्कार.”

उज्ज्वला पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. परमेश्वरनं तिच्याकडं बघितलं, मग तानाजीकडं बघितलं.

“येतो की,” तो म्हणाला.

मोटारसायकलचा आवाज बाभळीपलीकडं गेल्यावर ती म्हणाली, “तुमी कावून न्हाई सांगितलं?”

“आगं, इतके दिवस लोक मलाच समजत्यात. आता म्हणलं बायको वाजवती, तर खोटारडा म्हणतील मला.”

“मग खोटं कोण बोललं?”

साखराबाई आतून म्हणाली, “बाप्यांच्या गर्दीत सून ष्टेजवर बसवायची का? आन् नवरा-बायकूचं नाव काय येगळं आस्तंय गं? घराचं नाव झालं म्हंजी झालं.”

“आत्या, घराचं नाव झालं तर मला बी आनंदच हाय,” उज्ज्वला म्हणाली. “पर हात घराचे न्हाईत, माजे हायेत.”

वाकडं बोलली नाही, पण त्या दिवशी चुलीवरची भाजी करपली. शेवटी परमेश्वरनं तोड काढली. चालू कीबोर्ड घेऊन उज्ज्वलानं बोर्डामागं, घोंगडीच्या आड बसायचं. पुढं लोकांसमोर तो मुका कीबोर्ड घेऊन बसणार. ती खरी कळ दाबेल, पुढं पट्टी पेटेल, आणि तो नुसती बोटं हलवेल.

“आन् मग?”

“सत्कार झाला की हातात माईक देतात. तवा सांगतो सगळ्यांसमोर, की वाजवणारी मागं बसलीय. हिकडं ये म्हणतो तुला. देवाशपथ.”

तिला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिला ते पटवून घ्यायचं होतं. सगळ्या बाजारतळासमोर एकदा आपलं नाव निघावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी थोडा वेळ घोंगडीमागं बसायला तिची ना नव्हती.

मग तिनं नवऱ्याला शिकवायला घेतलं. स्वतःचेच हात दुसऱ्याला कसे उसने द्यायचे, याची ती शिकवणी होती. उजवा कसाबसा जमला. डावा काही केल्या संबळावर येईना. परमेश्वरची जाड बोटं उसाच्या कांड्यांसारखी एकाच वेळी सगळीकडं पडायची.

“निस्तं हलवायचं हाय गं, किती लोकांना कळतंय?” तो वैतागून म्हणाला.

“मला कळतंय,” ती म्हणाली आणि त्याचा पंजा धरून पुन्हा पहिल्या कळीवर ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी उज्ज्वलानं शर्टाखाली लग्नातली जांभळी साडी नेसली. पुढं बोलावल्यावर शर्ट काढून ठेवायचा, असा तिचा बेत होता. स्टेजवर बोर्ड उभा राहिला, त्याला घोंगडी टांगली गेली, आणि चालू कीबोर्डावर दुसरी घोंगडी टाकून ती मागं स्टुलावर जाऊन बसली. तानाजी वाकून म्हणाला, “वहिनी, तुमी वायरी बघा बरं का. मदीच लाईट जायला नगं.”

“बघते की,” ती म्हणाली.

निवेदकानं माईकवर तोंडाला येईल तेवढं कौतुक केलं. ‘वडगावची शान, जादूच्या बोटांचा कलाकार!’ बोर्डाच्या कडेला लोंबणाऱ्या घोंगडीच्या विणीतून उज्ज्वलाला नवऱ्याची पाठ दिसत होती. पाठ ताठ झाली, हात जोडले गेले. तेव्हा मात्र तिच्या डोक्यात सणक गेली. तिनं ठरवलं, मधे संबळ सुरू झाला की हात वर उचलायचे. पट्ट्या विझतील, आवाज बंद पडेल आणि हा एकटा बोटं नाचवत बसेल. बघू दे लोकांना.

तिनं चाल सुरू केली. पुढं बोर्डावर पट्ट्या पेटायला लागल्या, गर्दीतून पोरांच्या शिट्ट्या आल्या. संबळाची जागा आली. डावा हात आत उतरला, आणि असा उतरला की घरात कधी उतरला नव्हता. मोठ्या स्पीकरमधून तो ठेका बाहेर पडला आणि खालची माणसं टाळ्यांनी तो धरून नाचायला लागली. आता उचलायचे हात. उज्ज्वलाला उचलवेनात. नवऱ्याची फजिती करायला तिची तयारी होती, पण इतकं चांगलं चाललेलं वाजवणं मधेच तोडायला मन होईना. तिनं ते शेवटपर्यंत नेलं. संपलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते आनंदानंच.

मग सत्कार. बापूंनी शाल घातली, नारळ दिला आणि परमेश्वरच्या डोक्यावर भगवा फेटा बांधायला लावला. हातात माईक आला. घोंगडीमागं उज्ज्वलानं मनगटांची बटणं सोडली, शर्ट काढून स्टुलावर ठेवला आणि पदर नीट घेतला.

“बापूंचे आभार,” परमेश्वर म्हणाला. “तानाजीभाऊंचे आभार. आईबापाची पुण्याई हाय. बिरोबाची कृपा हाय. आन्...”

तो थांबला. उज्ज्वला उठून उभी राहिली.

“आन्...” तो पुन्हा म्हणाला. बापूंनी कौतुकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. खालून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आणि सगळं बाजारतळ तेच ओरडायला लागलं.

“आन् तुमा सगळ्यांचे आभार,” परमेश्वर म्हणाला आणि मुक्या कीबोर्डावर जाऊन बसला.

पुढं लोक वाट बघत होते. उज्ज्वला खाली बसली, शर्ट घातला, बटणं लावली आणि तीच चाल पुन्हा वाजवली. एक सूरही चुकला नाही. लोकांना दुसऱ्यांदा जास्तच आवडली म्हणे.

घरी येताना पिकअपमध्ये साखराबाई तेवढी लेकाच्या फेट्याचा रंग किती उठून दिसला ते म्हाळूला सांगत राहिली.

सकाळी उज्ज्वला वाड्याचं कवाड सोडत होती. परमेश्वर दोन्ही हातांत तो फेटा घेऊन आला. बांधलेला होता तसाच होता, मोडलेला नव्हता. रात्रभर झोप झाली नसावी, डोळे लाल दिसत होते.

“हा तुजा हाय,” तो म्हणाला. “माज्या तोंडातून निघालंच न्हाई गं. बापूंचा हात व्हता खांद्यावर... घे. घालतो तुला.”

त्यानं फेटा तिच्या डोक्याजवळ नेला. तिनं डोकं मागं घेतलं. रागावलेली नव्हती, रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“तितं घालायचा व्हता,” ती म्हणाली. “हितं मेंढरंच बघायलीत.”

आणि तिनं कवाड उघडलं, तशी मेंढरं दोघांच्या मधून बाहेर पडायला लागली.