चिकणमातीची शेवई

आमच्या लॅबमध्ये माती म्हणून जे यायचं ती बहुतेक वेळा वाळूच असायची. पिशवी उघडून हात घालावा, तर ती बोटांतून निसटून जाणार. थोडं पाणी घालून गोळा करू म्हटलं तर गोळा होईपर्यंत थांबायची नाही. रिपोर्टमध्ये तिच्यापुढे 'नॉन-प्लास्टिक' लिहायचं, म्हणजे हिला आकारबिकार काही घेता येत नाही, आणि पुढची पिशवी ओढायची. दुबईशेजारच्या अजमानच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पाच महिने हेच करत होते आणि तरी रोज सकाळी उड्या मारत जात होते. बेचाळिसाव्या वर्षी, सतरा वर्षं घर सांभाळल्यावर, मला नोकरी लागली होती. सिव्हिलचा डिप्लोमा आणि लग्नाआधीचा एका वर्षाचा अनुभव, एवढ्या भांडवलावर मला ठेवून घेणाऱ्या माणसाचं मला आजही नवल वाटतं.

तो माणूस म्हणजे आमचे साहेब. केरळचे, साठीला टेकलेले, चष्मा कपाळावर चढवून टेबलावर चष्मा शोधणारे. त्यांची अट साधी होती. सहा महिने टेस्ट मी करायच्या, पण रिपोर्टच्या तळाशी 'टेस्टेड बाय' असा एक चौकोन असतो, त्यात सही दुसऱ्या टेक्निशियनने करायची. हा टेक्निशियन पेशावरचा, दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहणारा, बारा वर्षं मातीत हात घालून बसलेला, मितभाषी गृहस्थ. सहा महिन्यांनी एकाच मातीवर आम्ही दोघांनी टेस्ट करायची. आकडे जुळले तर चौकोन माझा. नाही जुळले तर मी घरी.

मला तो चौकोन इतका हवा होता की सांगायची सोय नाही. नवऱ्यासमोर मी 'मिळाला तर मिळाला' असं म्हणायचे, आणि भाजी चिरताना ओट्यावर बोटाने सही गिरवून बघायचे. सतरा वर्षांत मी सही केली ती मुलीच्या शाळेच्या फॉर्मांवर. तीसुद्धा 'पालक' म्हणून.

सहावा महिना लागला आणि ती पिशवी आली. कुणाचं तरी फार्महाउस डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या बंधाऱ्याच्या पोटाशी होणार होतं. मालकाची तक्रार अशी की पाऊस पडला की प्लॉटवर पाणी साचतं आणि आठवडेच्या आठवडे हलत नाही. आमच्या शेडमध्ये सगळे हसले. या देशात पाणी टिकतं म्हणून रडणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो!

मी पिशवी सोडली, हात घातला, आणि हात आतच राहिला. ओढला तर पुचुक असा आवाज झाला. मी किंचाळलेच. "चिकणमाती! अहो, खरीखुरी चिकणमाती आहे ही!" पेशावरवाला धावत आला. त्याला वाटलं विंचू निघाला.

काय तिचं रूप! राखाडी, किंचित हिरवट, आणि मध्ये मध्ये गंजासारखे तांबूस ठिपके. साहेबांनी चष्मा खाली घेऊन समजावलं की जिथे पाणी तुंबतं तिथे हवा पोचत नाही, म्हणून माती राखाडी पडते. एखादं मूळ आत गेलं असेल तर त्या वाटेने थोडी हवा जाते, तिथे गंज चढतो. वास म्हणाल तर पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीचा. मी तो तीनदा घेतला. मग गंमत म्हणून ढेकळाला अंगठ्याने खळगा पाडला आणि त्यात चमचाभर पाणी ओतलं. डबा खाऊन आले तरी पाणी तिथेच, माझ्याकडे बघत. दुसरा एक लगदा पितळी साच्यात भरून वाळवला, तर तो आक्रसला, साच्याच्या कडा सोडल्या आणि पापडासारखा वर वळला. भिजली की फुगते, वाळली की रुसून आकसते, आणि एकदा घेतलेलं सोडत नाही. माझी धाकटी नणंद डिट्टो अशी आहे. मी त्या वाळक्या तुकड्याला तिच्या नावाने हाक मारली आणि दिवसभर एकटीच हसत बसले.

आता खरी टेस्ट. ती इतकी घरगुती आहे की कॉलेजात मला विश्वासच बसला नव्हता. ओल्या मातीचा छोटा गोळा घ्यायचा आणि काचेवर बोटांनी वळत वळत त्याची दोरी करायची. शेजारी तीन मिलिमीटरची एक लोखंडी सळई ठेवलेली असते. दोरी तेवढी बारीक झाली आणि तुटली नाही, तर मोडून पुन्हा गोळा, पुन्हा दोरी. दर वळण्याला माती थोडी थोडी सुकत जाते. एक वेळ अशी येते की बरोब्बर तीन मिलिमीटरला दोरीचे तुकडे पडतात. ते तुकडे डबीत घालायचे, वजन करायचं, रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायचे आणि सकाळी पुन्हा वजन. जेवढं कमी भरलं तेवढं पाणी होतं. म्हणजे एवढं पाणी असताना ही माती आकार सोडते, असं कळतं.

हे वाचून कोणतीही मराठी बाई म्हणेल, अगं, या तर शेवया! तेच तर. मिरजेच्या माझ्या मावशीने मला दहाव्या वर्षी पाटावर बसवलं होतं. दुबईतल्या अल बर्शापासून अजमानपर्यंत कुठल्याही मराठी घरात लग्न निघालं की रुखवतातल्या शेवया आणि गव्हले माझ्याकडून जातात. या परीक्षेत मला कोण हरवणार? मी बाह्या सरसावल्या आणि बसले.

पेशावरवाल्याचा आकडा आला तेवीस टक्के पाणी. माझा आला सतरा.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "मॅडम, फिरसे." पुन्हा केली. सोळा. तिसऱ्यांदा सतरा. इतक्या कमी पाण्यातही आकार धरते म्हणजे, माझ्या आकड्यांप्रमाणे, ती माती भलतीच फुगीर ठरत होती. तो रिपोर्ट गेला असता तर मालकाला ती सगळी खणून फेकायला लागली असती. साहेब ओरडले नाहीत, हे जास्त वाईट. ते म्हणाले, "मंडे को लास्ट टाइम. नहीं हुआ तो मॅडम, आय अ‍ॅम सॉरी." पेशावरवाला खाली बघत वजनकाटा पुसत राहिला. मी बाथरूममध्ये जाऊन रागाने नळ इतका जोरात सोडला की कुर्ता भिजला.

राग कुणावर काढायचा तेही कळेना. मातीच खोटी बोलत असणार, असं मी ठरवलं आणि टेस्ट झाल्यावर फेकायला काढलेला एक गोळा पिशवीत घालून शनिवारी घरी आणला. डायनिंग टेबलाला काच होतीच.

"आठशे दिरहमची काच आहे ती!" नवरा ओरडला. "एकोणीस हजार रुपये! आणि त्यावर तू चिखल कालवणार?"

"आई, दिस इज सो ग्रोस," मुलगी म्हणाली. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला सगळंच ग्रोस वाटतं.

"दोघंही बसा. मला ही तोडून दाखवा."

पाच मिनिटांत दोघांचे हात कोपरापर्यंत राखाडी झाले. ग्रोस म्हणणारीने नाकालाही लावून घेतली. नवऱ्याची दोरी तुटली. मुलीची तुटली. माझी तुटेना. पुन्हा लावली शर्यत, पुन्हा तेच. त्यांच्या तुकड्यांचा ढीग पडला आणि माझी दोरी आपली लांबतेय, लांबतेय. मी खुर्चीवर उभी राहून नाचले. "तुमच्या खानदानात कुणाच्या हाताला वळण नाही!" नवरा हसता हसता खोकायला लागला. माझी नोकरी जायची आहे हे मी साफ विसरले होते.

"आई, यू आर चीटिंग," मुलगी अचानक म्हणाली.

"चीटिंग कसली? हात आहे तो!"

"वेट." तिने मोबाईल काढला, माझ्या बोटांवर धरला आणि मग तो व्हिडिओ हळू करून आम्हाला दाखवला. दोरी बारीक होत चालली होती. तिच्या अंगावर केसाएवढी चीर उमटली. त्याच क्षणी माझी बोटं हलकी झाली, काचेवरून उचलल्यासारखी, आणि अंगठा बाजूने येऊन ती चीर लिंपून गेला. दोरी पुढे चालू. मी हे करते हे मला माहीतच नव्हतं. व्हिडिओ चार वेळा पाहिला. चारही वेळा तो अंगठा चोरासारखा येत होता.

"यू डोंट लेट इट ब्रेक," मुलगी म्हणाली. "लाइक, एव्हर."

नवऱ्याने हात पुसले. "अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही," तो म्हणाला. एरवी या विनोदाबद्दल मी त्याला सोडला नसता.

पण मी बसून राहिले. मावशीच्या पाटावर तुटकी शेवई चालत नसे. रुखवतात तुटकी दिसली तर मुलीकडच्यांची शोभा होते, म्हणून ती म्हणायची, तुटायच्या आधी सावर. बोटांनी ते इतकं ऐकलं की मला विचारायचंच सोडलं. आणि एकट्या शेवया कुठल्या, सतरा वर्षं या घरात मी तेच करत आले होते. नवऱ्याची नोकरी गेली ते चार महिने, मुलगी शाळेत कुणाशी बोलायची नाही ते वर्ष, प्रत्येक चिरेला माझा अंगठा तयार. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. मला हसू आलं, आणि मग ते थांबेना. एका बाईची नोकरी तिचा हात चांगला आहे म्हणून जात होती!

रविवारी दिवसभर मी तोडण्याचा सराव केला. सांगते, याहून अवघड काम नाही. चीर दिसली की अंगठा आधीच निघालेला असायचा. मुलगी समोर बसून ओरडायची, "थंब! आई, थंब!"

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगून टाकलं, व्हिडिओसकट. लपवून काय उपयोग? त्यांनी तो कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पाहिला, पेशावरवाल्याला बोलावून पुन्हा पाहिला. दोघं खो खो हसले. इतके की बाहेरचा फोर्कलिफ्टवाला डोकावून गेला. मग साहेब डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, टेस्ट मिट्टी का है. आपका नहीं."

एकच गोळा मधोमध कापून अर्धा त्याला, अर्धा मला दिला. आम्ही समोरासमोर बसलो. एसीचा झोत बंद केला. मी अंगठा तळव्याखाली दुमडला आणि नुसत्या बोटांनी वळायला लागले. पहिल्यांदा जाड. मोडली, पुन्हा. सळईशी लावून बघितली, अजून शाबूत. पुन्हा. आणि मग चीर आली. केसाएवढीच. माझा अंगठा तळव्याखाली धडपडला, शप्पथ सांगते, एखादा बंद केलेला उंदीर धडपडावा तसा. मी दात आवळून तसाच दाब ठेवला. दोरीचे चार तुकडे झाले.

"तुटली!" मी ओरडले. "टूट गई! टूट गई, भाईसाहब!"

"मुबारक, बाजी," पेशावरवाला म्हणाला. बाजी म्हणजे त्यांच्याकडे ताई. त्याची अजून शाबूत होती.

डब्या ओव्हनमध्ये गेल्या. त्या रात्रीबद्दल बोलत नाही. सकाळी साहेबांनी स्वतः वजनं घेतली आणि आकडेमोड केली. त्यांना घाई नावाची गोष्ट माहीत नाही. पेशावरवाल्याचा आकडा तेवीस. माझा बावीस पूर्णांक सहा. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर पुन्हा एकदा केलं, आणि रिपोर्टचा कागद माझ्याकडे सरकवला.

मी सही केली. ओट्यावर इतका सराव करूनही ती वाकडी आली, शेवटचं अक्षर चौकोनाच्या बाहेर गेलं. मी म्हटलं, साहेब, दुसरा कागद द्या, नीट करते. त्यांनी तो काढून घेतला, शिक्का मारला आणि म्हणाले, "खलास, मॅडम. रिपोर्ट में करेक्शन नहीं चलता."

पुढचा रिपोर्ट टेबलावरच्या ढिगात होता. पेशावरवाल्याने बारा वर्षांच्या सवयीने तो आपल्यापुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि थांबला. मग त्याने पेन उलटं करून दांड्याकडून माझ्यापुढे धरलं.

"ये वाली भी आपने की थी, बाजी," तो म्हणाला. "और इससे पहले वाली सब भी."