वर म्हणजे कुठं

आमच्या बाजारात वर म्हणजे हायवेकडं आणि खाली म्हणजे खाडीकडं. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. बापाबरोबर मिठागरातून मी पहिल्यांदा पेणला आलो तेव्हाही लोक असंच बोलत होते. रस्ता डोळ्याला सपाट दिसतो, पण त्यावर घागर सांडली की उतार कुठं आहे ते पाणीच दाखवतं. खालच्या टोकाला पावसाळ्यात उधाणाचं पाणी गटारातून उलटं चढतं आणि दुकानात घोट्याएवढं उभं राहतं. म्हणून सोयरीक जुळवायला आलेला माणूसही विचारायचा, दुकान वर का खाली?

माझं वर होतं. कौलारू ओळीतलं, वरच्या टोकापासून चौथं. मी खडे मीठ विकायचो. पापडवाल्या बाया, नारळाच्या बुंध्यात मीठ घालणारे बागायतदार, पावसाळ्यासाठी मासळी खारवणारे, ही माझी गिऱ्हाइकं. माझी शाळा दुसरीतच आटपली, पण मूठभर मीठ हातात घेतलं की ते कुठल्या आगरातलं आणि किती ओलं, ते मी सांगायचो. बाप डोक्यावर पाटी घेऊन निडीपर्यंत, कधी पार खांब गावापर्यंत मीठ विकत फिरला. दार ठोठावून विकायचा. मी मात्र छपराखाली खुर्चीवर बसून विकलं आणि त्याचा मला अभिमान होता. आजही आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत बाजार मरायला लागला होता, हे मी नाकारत नाही. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की तशीच पनवेलला जायची आणि तिथूनच कपडेलत्ते आणायची. घरात पिशवीतलं बारीक मीठ यायला लागलं होतं. आमच्या ओळीची कौलं फुटलेली होती आणि ती कुणी दुरुस्त करायची यावर घरमालक आणि आम्ही वर्षानुवर्षं भांडत होतो. अशात आमच्या वॉर्डातल्या मेंबरनं टूम काढली की ही ओळ पाडायची आणि दुमजली व्यापारी संकुल बांधायचं. जुन्या दुकानदारांना आणि ओळीसमोर बसणाऱ्या बायांना आधी जागा, मग नव्यांना. त्यासाठी त्यानं बाजारातल्याच लोकांची एक कमिटी केली. मेंबर वाईट माणूस नव्हता. मयताला पहिला हजर असायचा आणि तिरडीला खांदाही द्यायचा. निवडणूक जवळ आली की तो जरा जास्त मयतांना जायचा, एवढंच.

शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. जुन्या लोकांनी मला पुढं बसवलं होतं, कारण माझा आवाज मोठा आणि मी कुणाला भीत नाही असं सगळे म्हणायचे. टेबलावर नकाशा पसरलेला. इंजिनिअर घाटावरचा होता. बोलायला गोड आणि शर्ट पांढराशुभ्र.

तो म्हणाला, "जुन्या लोकांना जागा खाली हवी की वर, तेवढं एकमतानं सांगा. म्हणजे मला वाटप करता येईल."

मी उभा राहिलो. "वर. सगळ्यांना वर. खाली एकालाही नको."

तो माझ्याकडं बघत राहिला. "नक्की ना काका? लोक सहसा खाली मागतात."

"ते तुमच्या घाटावर मागत असतील. आमच्याकडं खाली माल भिजतो."

"भिजतो?" त्यानं नकाशाकडं पाहिलं, मग मेंबरकडं.

मेंबर खाली बघून पान लावत होता. "लोकांची इच्छा आहे ना साहेब," तो म्हणाला, "मग लिहून घ्या."

मागून बायांनी टाळ्या वाजवल्या. कडवे वाल विकणारी एक म्हातारी होती, माझ्या दुकानासमोर तीस-एक वर्षं बसत आलेली. आतल्या गावातली, बोलायला तिखट. तिनंसुद्धा मान डोलवली. म्हणजे तिनंही माझ्यासारखंच ऐकलं होतं. आम्ही कुणीच कधी माडीवर दुकान केलं नव्हतं. दुकान म्हणजे जमिनीवरची वस्तू. मग वर याचा दुसरा अर्थ आमच्या मनात येणार कुठून?

मेंबर मात्र आमच्याच गावात वाढलेला. तो लहानपणी आईच्या हातून पैसे घेऊन 'वरच्या' दुकानातून साखर आणायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा मीटिंगमध्ये त्याला काय कळलं आणि काय नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पुढं त्याला विचारलंही. तो म्हणाला, "काका, मला वाटलं माडीवरचं स्वस्त पडतं म्हणून तुम्ही मागताय." खरं असेल. पान लावताना माणसाचं तोंड खाली असतं, त्यामुळं त्याच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही.

ओळ पाडली. आम्हाला पत्र्याच्या शेड दिल्या. बांधकाम चाललं तेव्हा मी रोज जाऊन बघायचो आणि वरच्या टोकाचा कुठला गाळा आपला असेल ते मनात धरायचो. मग नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि चावी हातात घेऊन मी हायवेकडच्या टोकाला गेलो. तिथं एका पोरानं एसटीडी बूथ थाटला होता. त्याच्या शेजारी कपड्याचं नवं दुकान. चाव्या वाटणारा माणूस माझ्या मागून हाका मारत आला.

"काका, इकडं कुठं? तुमचं वर आहे."

"हे वरच आहे की."

"वर म्हणजे वर," असं म्हणून त्यानं जिना दाखवला.

बाकीचे जुने दुकानदार जिन्याच्या तोंडाशी उभे होते.  ती वालवाली म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "वर मागितलं ना दादा तुमी? चढा आता."

मी चढलो. सगळ्यांच्या आधी चढलो. माणसानं शब्द दिला की मागं घ्यायचा नसतो, अशी माझी समजूत. तो शब्द लोकांनी वेगळा ऐकला, म्हणून तो माझा नाही असं होत नाही.

पण गिऱ्हाईक चढेना. पापडवाल्या बाया जिन्याखालून हाक मारायच्या, "मामा, पाच किलो टाका हो खाली." मीठ खाली टाकायची वस्तू आहे का? गोणी चढवायला हमाल लागायचा आणि विकलेली उतरवायलाही. माझे गुडघे तेव्हाच गेले. महिन्याभरात वर आलेल्या विकणाऱ्या बाया एकेक करून खाली उतरल्या आणि संकुलासमोर, रस्त्याच्या कडेला, पूर्वीच्याच जागांवर पाट्या मांडून बसल्या. सुकटवाल्या आधी, मग भाजीवाल्या, मग ती वालवाली. बाकीचे दुकानदारही गाळे बंद करून गेले; वर उरलो मी आणि एक कल्हईवाला. तोही पुढं रोह्याला मुलाकडं गेला.

माझी बायको म्हणायची, "बाया बसल्या ना खाली? तुमी पण बसा."

"मी दुकानदार हाय. रस्त्यावर बसणार नाय."

"तुमी मीठ इकता का खुर्ची इकता?"

यावर मी जेवणाचं ताट सरकवून उठलो होतो. तिला माझ्या बापाची पाटी ठाऊक नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा मला दुकान होतं.

मुलगी रोह्यात दिलेली. जावई धाटावच्या एका कंपनीत होता. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती मला न्यायला आली. "बाबा, पुरे झालं आता. आमच्याकडं राहा." मी दोन दिवस राहायला म्हणून मागाहून एकटाच गेलो. रोह्याचं स्टेशन गावापासून लांब. उतरल्यावर एका म्हाताऱ्याला बाजाराचा रस्ता विचारला. तो म्हणाला, "सरळ खाली जावा, नदीकडं." मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच बिडी पेटवली. म्हणजे मी वेडा नव्हतो. रोह्यातही खाली म्हणजे पाण्याकडंच होतं. मुलीला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "व्हय बाबा, पन गिऱ्हाईक चढलं का त्यानं?"

मी पुढच्याच गाडीनं परत आलो. तिचं बोलणं लागलं म्हणून नव्हे. पावसात मीठ एकटं ठेवता येत नाही.

आणि झालंही तसंच. पावसात मिठाला पाझर फुटतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. जुन्या दुकानात जमीन मातीची, ते पाणी मुरून जायचं. इथं खाली स्लॅब. गोण्यांखालून खारं पाणी निघालं आणि स्लॅबच्या फटीतून खालच्या कापडवाल्याच्या साड्यांवर ठिबकलं. तो शेट नवा होता, पनवेलकडून आलेला, पण स्वभावानं सरळ. छत्री हातात तशीच धरून वर आला.

"काका, तुमचं मीठ माझ्या डोक्यावर रडतंय."

"पावसात ते रडणारच शेट. त्याला काय सांगू?"

"पण तुम्हीच वर मागितलंत म्हणे."

"मी वर मागितलं. तुमच्या डोक्यावर नाय मागितलं."

तो हसला. मग खाली बसला आणि मी त्याला वर-खालीचा सगळा प्रकार सांगितला.  ऐकून तो म्हणाला, "म्हणजे माझा गाळा खरं तर तुमचा." मी म्हटलं, तसं नव्हे, तुम्ही पैसे भरून घेतलाय. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. भांडण कुणाशी आहे हेच मला नीट दाखवता येत नव्हतं, आणि त्याचाच त्रास जास्त होता. शिवी द्यायची तर कुणाच्या नावानं द्यायची? इंजिनिअर आपल्या गावचं मराठी बोलला, मी माझ्या गावचं बोललो.

शेटनं मेंबरला आणलं. मेंबर जिना चढताना धापा टाकत होता. त्यामुळं मला जरा समाधान वाटलं.

"काका, तुम्हाला खाली गाळा देतो. आजच्या आज," तो म्हणाला.

"खाली म्हणजे कुठं?"

तो थांबला. या वेळी त्याला प्रश्न बरोबर कळला होता. "खालच्या टोकाचा. शेवटचा. तेवढाच रिकामा आहे."

तो रिकामा का होता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. उधाणाला तिथं पाणी भरायचं. मिठाचं दुकान तिथं घातलं तर सकाळी रिकाम्या गोण्या सापडल्या असत्या. मी म्हटलं, "आणि एसटीडीवाला?"

"त्याचं आता झालंय काका. तो भाच्यासारखा आहे माझ्या."

"मग माझं जे झालंय तेही असू दे."

तो गेला. शेटनं जाताना सांगितलं, "काका, घाई नाही. मी साड्या सरकवतो." तो खरंच सरकवत राहिला, पंधरा दिवस. एका भिंतीची मांडणी दुसऱ्या भिंतीला, मग पुन्हा. वर मला साड्या टांगायचे लाकडी घोडे ओढल्याचा आवाज यायचा. तो एकदाही पुन्हा वर आला नाही, की कुणाकडून निरोप धाडला नाही. तो भांडला असता तर मी वर्षभर तिथं बसलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे.

त्या पंधरा दिवसांत मी खिडकीतून खाली बघायचो. बाया प्लास्टिकच्या कागदाखाली बसलेल्या. त्यांच्यापुढं लोक थांबत, भाव करत, भांडत, पुन्हा येत. ज्या बाजारासाठी एवढी इमारत बांधली, तो बाजार तिच्या पायरीसमोर चिखलात बसला होता आणि चांगला चालला होता. मला राग आला. मग वाटलं, राग कशाचा? त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही, कमिटी केली नाही, मेंबरला विचारलं नाही. वर-खालीचा अर्थही कुणाला विचारला नाही. पाट्या उचलल्या आणि बसल्या. मी मात्र एक शब्द धरून बसलो होतो, तोही दुसऱ्याच्या मजल्यावर.

बापानं मीठ डोक्यावरून विकलं त्याची मला लाज वाटत होती का? नाही. पण त्याची मान दुखायची, तो रात्री माझ्या आईकडून तेल लावून घ्यायचा, ते बघून मी ठरवलं होतं की आपण छपराखाली खुर्चीवर बसूनच विकायचं. ते ठरवणं बरोबर होतं. त्या वयात होतं.

सोमवारी पाऊस उघडला तेव्हा हमालाकडून मी दोन गोण्या उतरवल्या. बायको मागून ताडपत्री घेऊन आली. बोलली काही नाही, आणि तिनं बोलू नये एवढीच माझी अपेक्षा होती. गाळ्याला कुलूप लावलं. तो मी सोडला नाही, भाडं भरत राहिलो. मागितलेली जागा आहे, ती माझ्या नावावरच राहणार.

एसटीडी बूथच्या अलीकडं, हायवेच्या बाजूला, वालवालीच्या शेजारी हातभर जागा होती. मी गोणी टेकवली आणि उभा राहिलो. बसायचं कसं तेच सुचत नव्हतं. खुर्ची आणायची राहिली होती, आणि आणली असती तरी बायांच्या मध्ये ती कशी दिसली असती?

वालवालीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलणार. तिनं आपली पाटी दोन्ही हातांनी धरून पलीकडं ओढली आणि आपल्या बुडाखालचं पोतं सोडवून अर्धं माझ्याकडं सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "पन गोणी त्या अंगाला ठेवा दादा. माझ्या वालाला वल लागल."

मी गोणी त्या अंगाला ठेवली आणि बसलो.