जांभळ्या फ्रॉकची दुसरी बाजू
डांबरगोळ्यांचा वास आला की दौंडची काकू आठवते. दर दिवाळीला ती आमच्याकडे राहू गावी आपल्या मुलीचे जुने कपडे पाठवायची आणि भावकीभर सांगत सुटायची, याचा राग मला अजून आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर एकदा जांभळा फ्रॉक आला, उन्हानं पार विटलेला. मी घालणार नाही म्हणून थयथयाट केला. आईनं ब्लेडनं शिवण उसवली आणि कापड उलटं केलं, तर आतला रंग नव्यासारखा गडद. शेजारणीच्या मशीनवर तिनं त्याचं परकर-पोलकं शिवलं. तेच घालून मी यवतला लग्नाला गेले. तिथं काकूनं माझ्या परकराचा घोळ चिमटीत धरला आणि आईला म्हणाली, “जाऊबाई, झ्याक कापड हाय. कुठनं आणलं? आमच्या पोरीलाबी घीन म्हणते.” आई खरं सांगायला गेली, तेवढ्यात मीच बोलले, “नको काकू, लई महाग हाय. तुम्हांला न्हाई परवडायचं.” आईनं दंडाला धरून मला मांडवामागं नेलं. मला वाटलं, आता मार बसतो. पण ती तोंडात पदर कोंबून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिली. आज माझं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाइकांशी रोज भांडते, पण त्या दिवसासारखा सौदा पुन्हा काही जमला नाही.